शेजारची प्रत

डॉ. रुबीना तांबोळी पलूसजवळच्या त्या खतप्रकल्पावर पोचल्या, तेव्हा ज्या बाईला भेटायला त्या पुण्याहून आल्या होत्या ती उसाच्या पाचटाच्या ढिगावर उभी होती. ढीग माणसाच्या दीडपट उंच, आतून तापलेला. फावडं घातलं की वाफ भसकन वर यायची आणि बाई कमरेपर्यंत दिसेनाशी व्हायची. तोंडाला ना रुमाल, ना मास्क.

"हेमांगी लाड आपणच का?" डॉक्टरांनी खालून मोठ्यानं विचारलं.

"होय. खत पाहिजे असेल तर तिकडं शेडमध्ये विचारा."

"खत नको. तुम्ही आधी खाली या. मी इंदूची डॉक्टर."

इंदूचं नाव ऐकताच हेमांगीनं फावडं टाकलं आणि ती घसरतच खाली आली. "काय झालं पोरीला?"

"इंदूला काही झालेलं नाही. मी तुमच्यासाठी आलेय. फोन तुम्ही उचलत नाही." डॉक्टरांनी तिला ढिगापासून बरंच लांब, लिंबाच्या झाडाखाली नेलं. "तुम्हाला लहानपणी कधी न्यूमोनिया? मोठी गळवं? दवाखान्यात राहावं लागलं होतं?"

"कधीच नाही. एकदा विंचू चावला होता. पण त्यात विंचूच मेला असं आमची आई सांगायची."

डॉक्टरांना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "हेमांगीताई, तुमच्या भाचीत जो दोष आहे तोच तुमच्यात आहे. थोडासा नाही, पूर्ण आहे. आमच्या यंत्राच्या म्हणण्यानुसार या ढिगावर तुम्ही एक आठवडासुद्धा काढू शकणार नाही."

हेमांगीनं मागं वळून ढिगाकडे पाहिलं. ती गेली वीस वर्षं त्यावर चढत होती.

तिची भाची इंदू सहा वर्षांची होती. तिचा आजार जन्मजात, काही लाखांत एखाद्याला होणारा. आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींचं काम पहारेकऱ्याचं असतं. जंतू दिसला की त्या त्याला गिळतात आणि ऑक्सिजनपासून तिथल्या तिथे बनवलेल्या जहाल रसायनानं मारतात. इंदूच्या पेशी जंतूला गिळायच्या, पण त्यांना ते रसायन बनवता येत नव्हतं. गिळलेला जंतू आत जिवंतच राहायचा. त्यातून गाठी व्हायच्या, यकृतात गळवं व्हायची, फुप्फुसात बुरशी वाढायची. अशा मुलांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे कुजत्या पाल्यापाचोळ्यातली बुरशी. ती निरोगी माणसाच्या श्वासातून रोज आत जाते आणि त्याला पत्ताही लागत नाही.

इंदू दोन वर्षांची असताना तिची आई केतकी, म्हणजे हेमांगीची धाकटी बहीण, माहेरी आली होती. हेमांगीनं भाचीला कडेवर घेऊन प्रकल्प दाखवला, ढिगावर बसवलं, मूठभर कोमट खत तिच्या हातात दिलं. पोर खिदळत होती. पुढच्याच आठवड्यात ती अतिदक्षता विभागात होती, आणि तिथेच तिच्या आजाराला नाव मिळालं. पोर वाचली. पण दवाखान्याच्या दारात केतकी सगळ्यांसमोर बहिणीला म्हणाली, "तुझ्या उकिरड्यानं माझी लेक नेली असती. आता माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही." हेमांगीनं तो शब्द पाळला. चार वर्षं ती इंदूला फक्त वाढदिवसाला, मेहुण्यानं केलेल्या व्हिडिओ कॉलवर बघायची. सांगलीतल्या त्या फ्लॅटच्या खिडक्या सील केलेल्या होत्या, हवा गाळणारं यंत्र घरघरत असायचं आणि इंदू मास्क लावून मावशीला चित्रं दाखवायची.

इंदूचे आईवडील नात्यातलेच. केतकीनं आत्याच्या मुलाशी, विश्वजितशी लग्न केलं होतं, आणि दोघी बहिणींच्या आईवडिलांचंही तसंच होतं. त्यामुळे डॉ. तांबोळींच्या संशोधन केंद्रानं सगळ्या रक्ताच्या नातेवाइकांची लाळ मागवली. हेमांगीनंही नळी भरून पाठवली आणि ती विसरून गेली. केंद्रात ती नळी 'प्रतिरूप' नावाच्या यंत्रात गेली. माणसाची जनुकं वाचून हे यंत्र संगणकात त्याची अख्खी रोगप्रतिकार यंत्रणा उभी करायचं, मग तिच्यावर एकेक जंतू सोडून काय होतं ते बघायचं. हेमांगीचं प्रतिरूप त्या बुरशीपुढे दर वेळी हरलं.

"एक तर यंत्र चुकतंय," डॉक्टर म्हणाल्या, "नाही तर तुमच्या शरीराला असं काही माहीत आहे जे आम्हाला माहीत नाही. मला तुमचं रक्त पाहिजे."

हेमांगीनं बाही वर सारली. "इथंच घेताय का, हात धुऊन येऊ?"

रक्ताची तपासणी जुन्याच पद्धतीची होती. पेशींना एक रंगद्रव्य पाजायचं. जी पेशी ते जहाल रसायन बनवू शकते ती हिरवी चमकते. पुण्याला केंद्रातल्या पडद्यावर डॉक्टरांनी ते हेमांगीला दाखवलं. गावातली लाइट गेल्यावर एखाद्या-दुसऱ्या घरात बॅटरीचा दिवा दिसावा, तशा त्या सगळ्या काळोखात मोजक्या पेशी चमकत होत्या.

"एवढ्याच?" हेमांगीनं विचारलं.

"एवढ्या पुरतात. विसातली एक पेशी धड असली तरी माणूस निभावून जातो. यंत्राला तुमच्या लाळेत या पेशी दिसल्या होत्या. पण इतक्या थोड्या होत्या, की त्यानं ती वाचनातली चूक समजून गाळून टाकली."

"पण मग त्या आल्या कुठनं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला केंद्राला दोन महिने लागले, आणि ते मिळालं त्या दिवशी डॉ. तांबोळी जेवायला विसरल्या. ज्या जनुकात हा दोष असतो, त्याच्या शेजारीच त्याच्या दोन जुन्या, बाद झालेल्या प्रती पडून असतात. उत्क्रांतीच्या ओघात तयार झालेल्या, कुणी न वापरलेल्या. लाड घराण्यात मूळ जनुकातली दोन अक्षरं गळाली होती. मात्र शेजारच्या एका बाद प्रतीत नेमकी तीच दोन अक्षरं शाबूत होती. ती प्रत दुसऱ्या कारणानं निकामी होती, पण तेवढा मजकूर तिच्यात बरोबर होता. हेमांगी आईच्या पोटात असताना रक्त बनवणाऱ्या तिच्या एका मूळपेशीत त्या जनुकाचा धागा तुटला असावा. तुटलेला धागा सांधताना पेशी जवळचा सारखा मजकूर शोधते आणि त्यावरून नक्कल करते. त्या पेशीनं शेजारच्या प्रतीवरून नक्कल केली, आणि दोन अक्षरं जागेवर आली. पुढे त्या एका पेशीची सगळी संतती दुरुस्त निघाली.

"आणि इंदूच्यात ती शेजारची प्रत आहे?" हेमांगीनं विचारलं.

"आहे. म्हणजे बाहेरून काहीच आणायला नको. नेमक्या जागी एक चीर द्यायची, की उरलेलं काम पेशीच करेल. चीर देणारं औषध चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत भरून शिरेतून द्यायचं, ते रक्तपेशी जिथे बनतात त्या हाडातल्या मगजापर्यंत पोचतं. केमोथेरपी नको, दुसऱ्याचा मगज नको."

हे सांगताना खोलीत केतकीही होती. चार वर्षांनी दोघी बहिणी एका छताखाली बसल्या होत्या, मधे तीन खुर्च्या सोडून. केतकीनं सगळं ऐकून घेतलं आणि ती कडवट हसली.

"म्हणजे दोष दोघींना एकच. पण खतात जन्म काढला अक्कानं, आणि मरायला टेकली माझी पोर."

 

अडचण पुढेच होती. जनुक बदलणारं औषध पहिल्यांदा माणसाला देताना ते लहान मुलाला देता येत नाही. धोका समजून घेऊन हो किंवा नाही म्हणू शकेल अशा प्रौढ रुग्णालाच ते आधी द्यावं लागतं. केंद्राच्या नैतिकता समितीनं तेच सांगितलं. आणि हाच दोष, हीच शेजारची प्रत असलेला प्रौढ माणूस शोधूनही दुसरा सापडत नव्हता.

"मग मला द्या की," हेमांगी डॉक्टरांना म्हणाली.

"तुम्ही रुग्ण नाही. तुम्हाला फायदा शून्य, धोका मात्र पूर्ण. चीर भलत्या जागी गेली तर तुमच्या आहेत त्या चांगल्या पेशीही जातील."

"चालेल मला."

"का चालेल?"

"त्या दिवशी तिला ढिगावर मीच बसवलं होतं."

"म्हणूनच मी नाही म्हणतेय," डॉ. तांबोळी म्हणाल्या. "प्रायश्चित्त म्हणून दिलेली संमती मी संमती धरत नाही. घरी जा, हेमांगीताई. आणि निदान मास्क तरी लावा."

ती घरी आली. प्रकल्पावर तिच्याबरोबर अकरा बायका काम करायच्या. त्यांच्यातली रखमाक्का म्हणाली, "तोंड का पाडलंस? आजारी न्हाईस म्हणून रडणारी बाई मी पयल्यांदाच बघतीया." हेमांगीला हसू आलं. पण मास्क तिनं लावला, आणि दिवसभर त्याला शिव्या घातल्या.

पावसाळा सरता सरता डॉक्टरांचा फोन आला. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता.

रक्तातल्या सगळ्या पेशी एका वयाच्या नसतात. जंतू मारणाऱ्या पहारेकरी पेशी चार-दोन दिवस जगतात. पण जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या काही पेशी लहानपणी बनतात आणि त्यांची पिढी दशकानुदशकं टिकते. डॉ. तांबोळींनी हेमांगीच्या त्या जुन्या पेशी वेगळ्या काढून पाहिल्या. त्यांत साधारण चौथा हिस्सा दुरुस्त होता. म्हणजे लहानपणी तिच्या मगजात दुरुस्त पेशी एवढ्या होत्या. आणि या आठवड्यात बनलेल्या ताज्या पेशींत? शंभरात जेमतेम सात. दुरुस्त मूळपेशींचा तो वंश म्हातारा होत चालला होता.

"म्हणजे मी इतके दिवस साठ्यावर जगतेय," हेमांगी म्हणाली.

"आणि साठा संपत आलाय. चार-पाच वर्षांत तुम्ही इंदूच्या जागी असाल. आता तुम्ही माझ्या रुग्ण आहात, म्हणून मी तुम्हाला सगळे रस्ते सांगणार. खताचं काम कायमचं सोडायचं आणि रोजची औषधं सुरू करायची, हा एक. त्यावर लोक बरीच वर्षं काढतात. दुसऱ्याचा मगज बसवायचा, हा दुसरा. तुमच्या वयाला जड जाईल, पण होतो. आणि नवं औषध. ते आजवर कुणालाही दिलेलं नाही. घाई करू नका. आणि कुणासाठी म्हणून ठरवू नका."

त्या दिवशी हेमांगी पहिल्यांदा घाबरली. दुसऱ्यासाठी मरायला तयार असणं तिला सोपं गेलं होतं. स्वतःसाठी जगायचं कसं हे ठरवणं मात्र जड गेलं. चार दिवस ती प्रकल्पावर गेली नाही. अंगणातल्या बाजेवर बसून राहिली. लांबून, वाऱ्याबरोबर, ढिगाचा ओलसर गोड वास यायचा. तो वास नसलेल्या घरात राहायचं, खिडक्या बंद करून? इंदू राहते तसं?

पाचव्या दिवशी फाटकापाशी गाडी थांबली. केतकी उतरली. तोंडाला मास्क होता, आणि आत यावं की नाही ते न कळून ती तिथेच उभी राहिली.

"ये की गं," हेमांगी म्हणाली.

"अक्का, डॉक्टरांनी सांगितलं मला. विश्वजित म्हणतो, जाऊन अक्काच्या पाया पड, इंदूसाठी हो म्हणायला लाव." ती फाटकातून आत आली. "मी उलटं सांगायला आलेय. माझ्या पोरीसाठी म्हणून ते औषध घेऊ नकोस. आई गेली, बाबा गेले. तूच तर राहिलीस."

"तुझ्या पोरीसाठी नाही घेत मी."

केतकीनं वर पाहिलं.

"मला माझ्या ढिगावर परत चढायचंय," हेमांगी म्हणाली. "खिडकी सील करून मी आठ दिवसांत वेडी होईन. दुसऱ्याचा मगज अंगात घालून निम्मं आयुष्य दवाखान्यात काढायचं नाही मला. खूप विचार केला. इंदू नसती तरी मी हेच केलं असतं. आता तिचं त्यात भलं झालं, तर तिचं नशीब. चहा घेणार?"

डॉ. तांबोळींनी हेच तिला तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगवेगळ्या माणसांकडून विचारून घेतलं. उत्तर बदललं नाही. समितीनं मान्यता दिली.

औषध दिसायला ताकाच्या निवळीसारखं होतं. सलाइनच्या नळीतून ते हळूहळू उतरलं. दुसऱ्या दिवशी ताप चढला, तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. यकृताच्या तपासणीचे आकडे बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. चरबीचे थेंब मगजाआधी यकृताला गाठतात हे माहीत होतं, पण इतकं अपेक्षित नव्हतं. इंदूला विश्वजितवर सोपवून केतकी बहिणीपाशी राहिली. ती कपाळावर पट्ट्या ठेवायची, चमच्यानं पेज भरवायची.

ताप जरा उतरला त्या दुपारी ती अचानक म्हणाली, "अक्का, एक सांगायचं राहिलंय. तू इंदूला त्या दिवशी ढिगावर बसवलं नसतंस, तरी हे व्हायचंच होतं. बागेत, शाळेत, कुठंतरी. आणि तेव्हा कदाचित उशीर झाला असता. लवकर कळलं म्हणून ती वाचली. डॉक्टर मला पहिल्याच वर्षी हे म्हणाल्या होत्या."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कुणावर तरी चिडायला लागतंच ना गं. देवावर चिडून भागेना."

हेमांगीला राग आला. चार वर्षांचा, एकदम. तिनं तोंड फिरवलं आणि संध्याकाळपर्यंत ती बोलली नाही. केतकीनंही मनधरणी केली नाही. तिनं पट्टी बदलली, पेज गार होऊ दिली, पुन्हा गरम करून आणली. शेवटी हेमांगी भिंतीकडे बघतच म्हणाली, "मीठ नाही यात."

"आणते," केतकी म्हणाली आणि पळत गेली.

यकृत सावरलं. मग फक्त वाट पाहायची होती. नव्या मूळपेशींना नवी संतती जन्माला घालायला वेळ लागतो. पहिल्या महिन्यात आकडा हलला नाही. दुसऱ्या महिन्यात थोडा वर सरकला, पण डॉ. तांबोळींनी कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या महिन्यात त्यांनी हेमांगीला पडद्यासमोर बसवलं. आता काळोखात एखादं-दुसरं घर नव्हतं. अख्ख्या गल्ल्या उजळलेल्या होत्या. जवळजवळ तिसरा हिस्सा पेशी चमकत होत्या, लहानपणी होत्या त्याहूनही जास्त. चीर दुसरीकडे कुठे गेली आहे का, तेही केंद्रानं पेशीपेशीत शोधलं. कुठेही नव्हती.

"आता मास्क काढू?" हेमांगीनं विचारलं.

"अजून सहा महिने नाही."

"तुम्ही फार जाच करता हो, डॉक्टर."

"त्याचाच पगार मिळतो मला," असं म्हणून डॉ. तांबोळींनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. चष्मा स्वच्छच होता.

पुढच्या वर्षी इंदूचा नंबर लागला. यकृताला त्रास होऊ नये म्हणून तिला औषध थोडं थोडं करून, तीन खेपांत द्यायचं ठरलं. हेमांगीच्या पिवळ्या डोळ्यांनी केंद्राला तेवढं शिकवलं होतं. सुईच्या आधी इंदूनं मावशीचा हात धरला. आता मावशी तिच्या शेजारी बसू शकत होती, आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून का होईना.

"मावशी, खरं सांग. दुखतं?"

"सुई टोचते तेवढंच. मग ताप येतो आणि दोन दिवस सगळ्यांवर चिडायची परवानगी मिळते. मी तुझ्या आईवर चिडून घेतलं."

"मी बाबांवर चिडणार," इंदू म्हणाली आणि हात पुढे केला.

ती चिडली, रडली, तिला ताप आला, उतरला. तिच्या रक्तात पहिला हिरवा ठिपका दिसला तेव्हा केतकीनं पडद्याचा फोटो काढला. मग पाच झाले, मग मोजायचं सोडून दिलं. डॉक्टरांनी आधी हवा गाळणारं यंत्र बंद करायला सांगितलं, मग खिडक्या उघडायला. जूनमध्ये इंदू शाळेत गेली. केंद्रात तोवर आणखी तीन मुलांची आणि नागपूरच्या एका चाळिशीतल्या मास्तरांची नावं नोंदली गेली होती. त्यांच्या घराण्यांत शेजारच्या प्रतीतही ती दोन अक्षरं शाबूत नव्हती. त्यांच्यासाठी ती दोन अक्षरं औषधाबरोबरच पाठवायची तयारी सुरू झाली होती.

दिवाळीच्या सुटीत हेमांगी सांगलीला बहिणीकडे राहायला गेली. खाली सोसायटीच्या आवारात पोरं सायकली पळवत होती. एकदम आरडाओरडा झाला, आणि इंदू लंगडत वर आली. गुडघा सोलवटला होता, त्यात माती भरली होती, रक्त पोटरीवरून ओघळत होतं.

केतकीचा चेहरा पांढराफटक पडला. हात आपोआप फोनकडे गेला. इतकी वर्षं अशा वेळी एकच नंबर लावायचा असायचा. नंबर पडद्यावर आला. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं फोन उलटा करून टेबलावर ठेवला, पोरीला मोरीत नेलं, नळ सोडला आणि साबण लावून गुडघा धुतला. इंदू किंचाळली. केतकीनं माती पूर्ण निघेपर्यंत धुतलं, मलम लावलं आणि पट्टी बांधली.

"आता काय?" इंदूनं विचारलं. तिला वाटलं, आता दवाखान्याची बॅग भरायची.

"आता काय म्हणजे? जा, खेळ जा."

तो आठवडा केतकी रोज सकाळी गुडघा उघडून बघायची. ना सूज, ना पू. चौथ्या दिवशी त्यावर कोरडी, काळपट खपली धरली. आठ वर्षांच्या आयुष्यात इंदूनं खपली हा प्रकार पहिल्यांदाच एवढ्या निवांतपणे न्याहाळला. दुपारी जेवणं झाल्यावर ती खिडकीत बसून तिची कड नखानं हळूच उचलू लागली.

स्वयंपाकघरातून केतकी ओरडली, "इंदे, खपली काढू नकोस! किती वेळा सांगू? डाग राहील!"